अळणी पंधरवडा

परवा पेणच्या बाजारात नवे सुके बोंबील आले. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं, कोळणींनी पाट्या मांडल्या होत्या, आणि त्या वासानं माझे पाय आपोआप थांबले. पन्नासएक बोंबील घेतले, घरी आणले, फडक्यात गुंडाळून मांडणीवर ठेवले. आज चार दिवस झाले, ते तिथेच आहेत. धाकटी जाऊ दोनदा विचारून गेली की भाजायचे का. मी दोन्ही वेळा उद्या बघू म्हटलं. तिला वाटतं मला बोंबील आवडत नाहीत, आणि मीही तसंच वाटू दिलं आहे.

थंडी पडली की ज्याला त्याला आपापलं काही आठवतं. कुणाला शेतात मडक्यात भाजलेल्या पोपटीचा धूर आठवतो, कुणाला मळणीचं खळं. मला अळणी पेज आठवते. आमच्या चौलच्या घरात देवदिवाळीपासून होळीपर्यंत मीठ, मिरची, लसूण, हिंग आणि सुकं म्हावरं यांना बंदी होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, आळीत घरोघर बोंबील वाळत घातलेले, आणि आमच्या ताटात मात्र भात, नारळाचं दूध आणि उकडलेलं दुधी भोपळ्याचं काहीतरी. पाहुणा चुकून त्या दिवसांत जेवायला आला तर पुढच्या वर्षी थंडी सरल्यावरच यायचा.

याचं कारण आबा. माझे वडील दारू चाखणारे होते. हे वाक्य लिहिताना आजही मी जरा इकडेतिकडे बघते, कारण दारूबंदीचा कायदा अजून आहे आणि आमचे हे शाळामास्तर आहेत. पण आबांच्या ऐन उमेदीत तो मानाचा धंदा होता. खाडीकाठी एका पारशी शेठची परवान्याची भट्टी होती. थंडीत माडाला माडी चांगली येते, म्हणून भट्टीचा हंगामही थंडीतलाच. कोणती धार वेगळी काढायची, कुठल्या बरणीत किती पाणी घालायचं, वाळूत पुरून ठेवलेली तीन-चार वर्षांची बरणी आता उघडायची की अजून राहू द्यायची, हे सगळं आबांच्या जिभेवर ठरायचं. सरकारी साहेब काचेची नळी बुडवून दारूचा जोर मोजत. आबा जिभेनं मोजत. दोघांचं जुळलं नाही तर साहेब मुकाट्यानं नळी धुऊन पुन्हा बुडवत.

गंमत अशी की आबा दारू पीत नसत. आयुष्यात एक घोट त्यांनी गिळला नाही. चाखायचं, डाव्या बाजूला करवंटीतल्या वाळूत थुंकायचं, आणि जिभेवरून चव पुरती उतरेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, ही त्यांची शिस्त. चाखणं सकाळी, उपाशीपोटी, खारा वारा सुटायच्या आत. गावातले पिणारे त्यांची थट्टा करत, की साऱ्या तळ्याची राखण करतो आणि स्वतः तहानेला. आबा हसत. पिणाऱ्याला दारू कळत नाही, म्हणत, त्याला फक्त घाई कळते.

पण त्या हंगामाचं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आबांपेक्षा आईचाच चेहरा येतो. देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ती मसाल्याच्या बरणीला फडकं बांधायची, वर मिठाची वाटी उपडी घालायची आणि दोन्ही घेऊन कुंपणापलीकडे जानकीकाकूकडे ठेवायला द्यायची. होळीच्या संध्याकाळी बरणी परत यायची. तोवर जानकीकाकूनं त्यातला मसाला वापरलेला असायचा, आईला ते कळायचं, आणि ती बोलायची नाही. जीभ आबांची, मग बाकीच्यांनी का अळणी खायचं, असं मी एकदा विचारलं होतं. आईनं पेजेत आणखी एक पळी नारळाचं दूध घातलं. ती मूळची थेरोंड्याची, लालभडक कालवण आणि चुलीत भाजलेले बोंबील खाऊन वाढलेली. तिखटाशिवाय तिचा घास उतरत नसे. वर्षातले आठ महिने तिच्या हातच्या कालवणानं आमच्या कानातून वाफा निघायच्या, आणि उरलेले चार महिने ती आमच्याबरोबर मुकाट अळणी जेवायची. वीस-बावीस वर्षं तिनं हे केलं. ते मोठं काही आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही, आणि तिलाही वाटलं नसावं.

मी त्या दिवसांत मिठासाठी काय काय करायची. हाताचा पंजा समुद्रात बुडवायचा आणि उन्हात वाळवून चाटायचा. जानकीकाकूकडे खडेमीठ मागायला जायचं आणि वाटेतच संपवायचं. आबांना ते कळायचंच. मी जवळून गेले तरी ते नाक न वळवता म्हणायचे, आज बंदरावर गेली होतीस. तेव्हा मला त्यांची भीती वाटायची आणि अभिमानही वाटायचा.

मग स्वराज्य आलं, आणि दोन-तीन वर्षांत दारूबंदी आली. भट्टीला कुलूप लागलं. बरण्या सरकारी माणसांनी वाळूतून उकरून काढल्या आणि खाडीत ओतल्या. आबा काठावर उभे होते. त्यांनी म्हणे प्रत्येक बरणीच्या वेळी तोंडातल्या तोंडात तिचं वय सांगितलं. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन पेणला आले होते, हे मला जानकीकाकूनं सांगितलं. त्या वर्षी देवदिवाळी झाली तशी आई सवयीनं बरणीला फडकं बांधायला बसली. आबा ओटीवरून म्हणाले, राहू दे आता. तिनं फडकं सोडलं. दुपारी तिनं तिखट कालवण केलं, आबांनी पहिल्यांदाच भर थंडीत ते खाल्लं, आणि त्यांना ते सोसलं नाही.

त्यानंतर आबा एका वाडीत शिंपण्याच्या कामाला लागले. सुपारीला पाणी, केळीला पाणी. कामात ते चोख होते, पण उभे राहायचे तेव्हा हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नसे. गावातली पोरं आता त्यांना ओळखत नव्हती. चार माणसांत दारूचा विषय निघाला की आबा उठून जायचे. आपल्याला जे येतं त्याचं नाव घेणंसुद्धा गुन्हा झालं की माणूस आतून कसा होतो, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले. आई ते रोज बघत होती. मी सुट्टीत जायची तेव्हा ती म्हणायची, तुझा बापूस घरात असतो पण घरी नसतो.

ज्या थंडीबद्दल मला लिहायचं आहे ती याच्या पाच-सहा वर्षांनंतरची. आईच्या पोटात दुखत होतं. वाळून ती अर्धी झाली होती. मी पेणहून आले, आणि एस्टीनं तिला अलिबागला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आबांना आम्ही सांगितलं होतं की अपचन आहे. डॉक्टरांनी तपासलं, तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, गाठ आहे, आता काही करण्यासारखं नाही, त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. मी बाहेर आले. आईनं माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पिशवी उचलली. परतीच्या गाडीत रेवदंड्यापर्यंत ती खिडकीतून वाड्या बघत होती. मग एवढंच म्हणाली की ह्यांना एवढ्यात नको सांगू, मी बघून सांगीन.

आणि त्याच आठवड्यात पास्कू आला.

पास्कू खाडीपलीकडच्या कोर्लईचा किरिस्ताव, बोटीवर भटारखान्यात काम करणारा. त्याचा बाप भट्टीवर आबांच्या हाताखाली होता. सुट्टीवर आला की पास्कू तरीच्या होडीतून रेवदंड्याला उतरून आबांना भेटल्याशिवाय राहत नसे. या वेळी तो तांदळाच्या गोणीत एक बाटली लपवून घेऊन आला. आम्हाला आत बोलावून, दार लोटून त्यानं ती पाटावर ठेवली. आतला रंग सुंदर होता, काकवीत ऊन पडावं तसा. गोष्ट अशी होती की बोटीवर एक म्हातारा अमेरिकन इंजिनिअर होता. तो तापानं आजारी पडला तेव्हा पास्कूनं त्याला महिनाभर पेज करून घातली. उतरताना त्यानं आपली जपून ठेवलेली बाटली पास्कूला दिली. पास्कू पडला बोलघेवडा. त्यानं त्याला सांगितलं की माझ्या मुलखात एक माणूस आहे, तो ही नुसती जिभेला लावून सांगेल की कशाची, किती वर्षांची आणि किती जोराची. म्हातारा खूप हसला. मग त्यानं चार ओळी लिहून लिफाफा चिकटवला आणि म्हणाला, त्या माणसानं सांगितल्यावर फोड, आणि मला खरं खरं कळव.

पास्कूनं लिफाफा बाटलीजवळ ठेवला. आबा बाटलीकडे बघत होते, तिला हात लावत नव्हते. म्हणाले, "माझं तोंड बाटलंय रे पास्कू. पाच वर्सं तिखटमीठ खातोय. पंधरा दिस दे."

मी आईकडे बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की मला बघवेना. ती उठली, भिंतीला धरधरून आत गेली, मसाल्याच्या बरणीला फडकं बांधलं, वर मिठाची वाटी उपडी घातली आणि मला म्हणाली, जा, जानकीकडे ठेवून ये.

ते पंधरा दिवस मला आजही तारखेवार आठवतात. आबा बदलले. चालताना त्यांची मान वर आली. पहाटे उठून ते विहिरीच्या पाण्यानं चुळा भरत, तंबाखू त्यांनी गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवली. आळीत बातमी फुटलीच. फौजदार सोडून सगळ्यांना माहीत होतं की आबा पुन्हा चाखणार आहेत, आणि तेही परदेशची. म्हातारी माणसं ओटीवर येऊन काही न बोलता बसून जायची. आई चुलीपुढे बसून पेज ढवळायची. तिला धड बसवत नव्हतं. मी करते म्हटलं की म्हणायची, तुझ्या हाताला मिठाची सवय झालीय.

आठव्या दिवशी दुपारी आबा वाडीत गेले होते. मी तिचे पाय चेपत होते. गेले दोन दिवस तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. मी सहज विचारलं की तुला काय खावंसं वाटतंय. ती लाजली. खरंच लाजली, आणि मग हळूच म्हणाली, "एकच बोंबील. चुलीत भाजलेला, जरासा करपलेला. वर कच्चा कांदा नि मिरची."

मी उठलेच. जानकीकाकूच्या चुलीत तिनं आणि मी मिळून एक बोंबील भाजला. काकूला डॉक्टरांचं सगळं मी आधीच सांगितलं होतं. केळीच्या पानात तो गुंडाळला, पदराखाली धरला आणि कुंपणातून आले. आईनं पान उघडलं. तिनं अजून तुकडा मोडलाही नव्हता, तोच ओटीवर आबांच्या वहाणा वाजल्या. दारातच ते थांबले आणि त्यांनी मान वर केली. विचारलं, बोंबील कुणी भाजला? आईनं पान उशीखाली सारलं आणि म्हणाली, जानकीकडे असंल.

आबा तसेच वळले आणि कुंपणाशी गेले. मी खिडकीतून बघत होते. माझ्या वडिलांनी कधी कुणापुढे हात जोडले नव्हते. ते जानकीकाकूला हात जोडून म्हणाले, वहिनी, सात दिवस फक्त, सात दिवस भाजू नका. काकूनं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी काही तरी बोलावं म्हणून ती थांबली होती. मी मान खाली घातली. होय भावजी, म्हणाली ती. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीनं सुक्या म्हावऱ्याच्या टोपल्या झाकून ठेवल्या.

आईनं उशीखालून पान काढलं. बोंबील नाकाशी धरला, डोळे मिटून वास घेतला आणि पान माझ्या हातात दिलं. "टाक मांजराला. आता सातच दिस तर हायत, मंग खाईन की मी. त्यांना कळता कामा नये, तुला माझी शपथ हाय."

शपथ तिनं घातली होती, पण सगळा दोष शपथेवर टाकणं खोटं होईल. मला सांगता आलं असतं. आबा बाटली फेकून देऊन तिच्यासाठी चूल पेटवायला बसले असते, हे मला ठाऊक होतं. पण मलाही आबांनी जिंकायला हवं होतं. सहा हजार मैलांवरचा एक माणूस हसला होता, आणि मला त्याला गप्प करायचं होतं. लहानपणी ज्या बापाचा अभिमान वाटायचा तो मला परत हवा होता. सात दिवसांचा प्रश्न आहे, असं मी मनाला सांगितलं. आईकडे किती दिवस आहेत हे डॉक्टरांनी फक्त मला सांगितलं होतं, आणि तरीही मी ते सात दिवस तिच्यातून काढून आबांना दिले.

पंधराव्या दिवशी सकाळी परसात, न्हाणीच्या मागे, पाट मांडला. वारा सुटला नव्हता. आईला मी उचलूनच आणलं आणि माडाला टेकवून बसवलं. पास्कू नवा सदरा घालून आला होता. आबांनी बाटली हलवली आणि वर आलेले बुडबुड्यांचे मोती बघत राहिले. मोती बराच वेळ फुटले नाहीत. मग एक थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळले, पुरते वाळू दिले आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घेतला. त्यांच्या पापण्या हलल्या. मग एका वाटीत जेमतेम बोटभर ओतून त्यांनी ती जिभेवर घेतली, तीन श्वास धरली, आणि डावीकडे करवंटीत थुंकली. पुन्हा घेतली, या वेळी चार थेंब पाणी घालून. मग बसून राहिले. चव उतरेपर्यंत बोलायचं नाही. माडावरून एक सुकलेलं झाप पडलं तरी कुणी वर बघितलं नाही. आईचे ओठ हलत होते, बहुतेक ती देवाचं नाव घेत असावी.

आबा बोलले ते सावकाश, एकेक गोष्ट पाटावर मांडावी तसे. जोर मोठा आहे, म्हणाले, शंभरात साठ भाग दारू; गिळली नाही तरी कानाच्या पाळीपर्यंत पोचते. आधी काकवी लागते. मग भाजलेलं कणीस, त्याच्या सालासकट. मका आहे ही. पण मक्याच्या मागे दुसरं एक धान्य उभं आहे, मिरीसारखं चावरं, ते आपल्या मुलखात नाही, मला त्याचं नाव ठाऊक नाही. दुधावरच्या सायीसारखा एक वास आहे, तो धान्याचा नाही, लाकडाचा. बरणीत ठेवलेली नाही, लाकडाच्या पिंपात ठेवलीय, पिंप कोरं होतं आणि आतून जाळलेलं होतं. झाड माझ्या ओळखीचं नाही. तिकडे थंडी कडक पडत असणार आणि ऊनही, कारण लाकडानं दारू आत ओढलीय आणि बाहेर टाकलीय, वर्षानुवर्षं. वर्षं बारा.

मग थोडं थांबून ते म्हणाले, "बनवणारा इमानी हाय. घाई केली न्हाय त्यानं. पण धाव्या वर्सी काढाया पायजे होती. शेवटची दोन वर्सं लाकूडच बोलतंय. काढायला उशीर केला."

लिफाफा मी फोडला, कारण इंग्रजी मलाच थोडंफार वाचता येत होतं. चार ओळी होत्या. मका, राय नावाचं दुसरं धान्य, आतून जाळलेलं ओकचं नवं पिंप, बारा वर्षं. जोराचा आकडा एकशे वीस होता आणि मी तो दोनदा वाचला, पण पास्कूनं सांगितलं की अमेरिकन माणूस जोर दुप्पट लिहितो. म्हणजे साठच. पास्कू रडायला लागला. त्यानं वाकून आबांचे पाय धरले, आणि आबा अवघडून आईकडे बघत राहिले. माडाला टेकलेली आई हसत होती. गेल्या सहा वर्षांत तिनं आबांना असं बघितलं नव्हतं. तेवढ्या क्षणापुरतं मला वाटलं की मी बरोबर केलं.

बाटली आबांनी पास्कूलाच परत दिली. आपण पीत नाही, आणि कायदा तो कायदा. संध्याकाळी आळीत घरोघर चुली पेटल्या आणि सात दिवसांचे राहिलेले बोंबील सगळ्यांनी एकदमच भाजायला घेतले. वास परसभर पसरला. आबा स्वतः मसाल्याची बरणी आणायला जानकीकाकूकडे गेले. हे काम दरवर्षी आई करायची, पण त्या दिवशी ते खुशीत होते. काकूनं बरणी दिली आणि म्हणाली, भावजी, आता तरी वहिनीला बोंबील द्या, डॉक्टरनं सांगितलंय तिला हवं ते खाऊ घाला म्हणून. तिला वाटलं होतं की एव्हाना आम्ही सांगितलं असेल.

आबा बरणी दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्यांनी मला विचारलं की डॉक्टर काय म्हणाला. मी सांगितलं. कधी, विचारलं. पास्कू यायच्या आधी, म्हटलं. ते मनात दिवस मोजत होते. आठव्या दिवसाशी ते आले तेव्हा मला कळलं, कारण त्यांनी कुंपणाकडे बघितलं.

ते चुलीपुढे बसले. उभ्या जन्मात त्यांनी चूल फुंकली नव्हती. त्यांनी बोंबील भाजला, जरासा करपवला, कांदा बुक्कीनं फोडला, मिरची ठेवली आणि पान आईपुढे नेलं. एक तुकडा तिच्या जिभेवर ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले. तीन श्वास झाले असतील.

"लागतंय का?" त्यांनी विचारलं.

"लागतंय तर. झ्याक झालाय," आई म्हणाली.

मग ती भिंतीकडे वळली आणि तो तुकडा तिनं पदरात काढून घेतला. तिला काहीच लागत नव्हतं, दोन दिवसांपासून पाण्याचीही चव कळत नव्हती. मी बघितलं. आबांनीही बघितलं असणार, माणसाच्या तोंडात काय चाललंय हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांनी राहिलेला बोंबील तिथेच बसून खाल्ला. त्यानंतर नवव्या दिवशी आई गेली.

त्यानंतर दरवर्षी देवदिवाळी ते होळी आबा रोज दुपारी एक बोंबील भाजून खात. कच्चा कांदा, दोन मिरच्या, वर खडेमीठ. तंबाखूही वाढवली. ज्या महिन्यांत त्यांनी जीभ देवासारखी जपली होती त्याच महिन्यांत त्यांनी ती जाळायला घेतली. दोन वर्षांनी पास्कू दुसरी बाटली घेऊन आला. म्हाताऱ्या इंजिनिअरचं पत्रही होतं, त्यात त्यानं लिहिलं होतं की तुझ्या माणसाला माझा सलाम सांग, आणि ही त्याला दाखव. आबांनी बाटली नाकाशी नेली आणि लगेच खाली ठेवली. म्हणाले, मला आता काही कळत नाही रे, तोंड मेलं. पास्कूनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, खरं आहे. आईबरोबर आबांची जीभ गेली असंच मी धरून चालले होते, आणि त्यात मला कुठेतरी बरंही वाटत होतं. निदान काहीतरी फिटलं असं वाटायचं.

गेल्या वर्षीच्या थंडीत आबा अंथरुणाला खिळले. मी त्यांना पेणला आमच्या घरी आणलं. इथल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, जे खावंसं वाटेल ते द्या. या वेळी मी एक दिवससुद्धा थांबले नाही. त्याच पावली घरी आले आणि आबांना विचारलं. बोंबील आधीच आणून ठेवले होते. पण ते म्हणाले, "पेज दे बाय. अळणी. तुझी आयस करायची तशी."

आमटी झाली होती, मुलांना शाळेत जायचं होतं, सगळी घाई होती. मी तांदूळ शिजवले, नारळाचं दूध काढून घातलं, मिठाला हात लावला नाही. वाटीत पेज ओतून त्यांना उठवून बसवलं आणि एक घोट पाजला. आबांनी डोळे मिटले. घोट जिभेवर धरला. मी नकळत श्वास मोजले, एक, दोन, तीन. त्यांनी मान डावीकडे वळवली, मग तशीच सरळ केली आणि गिळलं. चव उतरेपर्यंत ते बोलले नाहीत.

मग म्हणाले, "पळी आमटीतली घेतलीस. नुसती पुसलीस, धुतली न्हाईस."

मी आत गेले. पळी पेजेच्या टोपात होती. मी ती आमटीतून काढून फडक्याला पुसली होती, ते मला आता आठवलं. तिच्या दांड्याच्या खाचेत हळदीची एक बारीक रेघ होती, डोळ्यांजवळ धरल्यावर दिसणारी. मी ती हातात धरून चुलीपुढे बसले. आबांनी पास्कूला दिलेलं उत्तर खोटं होतं. त्यांचं काहीही मेलेलं नव्हतं. कांदा, मिरची, तंबाखू, सगळं करून झालं होतं आणि ती जीभ होती तशीच होती.

पळी राखेनं घासली, टोप घासला, तांदूळ नव्यानं धुऊन घेतले आणि पुन्हा पेज केली. आबांनी सगळी वाटी संपवली. चार दिवसांनी ते गेले. आता मांडणीवर बोंबील आहेत, जाऊ पुन्हा विचारेल, आणि आज मी तिला भाजायला सांगणार आहे. खाणार मात्र नाही. आई गेल्यावर दहा थंड्या रोज दुपारी आबा चुलीपुढे एकटे बसून तो बोंबील खात होते, आणि आईला न लागलेली त्याची चव त्यांना रोज पुरती लागत होती.